फुग्यातली मराठी

तुमचं घर श्टुटगार्टजवळ असो, न्यू जर्सीत असो की मेलबर्नला, त्यात मराठी पुस्तकांचं एक कपाट असणारच. पु. ल. असतील, 'मृत्युंजय' असेल, बॅगेच्या वजनाशी झगडून आणलेले दोन-चार दिवाळी अंक असतील. आता त्या कपाटात मराठी चित्रकथा किती आहेत ते मोजा. मग मुलांच्या खोलीत जा आणि तिथली कॉमिक्स मोजा. माझा अंदाज असा, की पहिला आकडा एका हाताच्या बोटांवर संपेल आणि दुसरा मोजताना तुम्ही कंटाळाल. शिवाय दुसऱ्या ढिगातलं सगळं जर्मन किंवा इंग्रजी असेल.

या दोन आकड्यांमधल्या अंतराबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी कॉमिक्सचा जुना भक्त आहे, त्यामुळे माझी मतं पक्षपाती आहेत हे आधीच सांगून टाकतो. कॉमिक्स म्हणजे 'खऱ्या' पुस्तकांकडे जाण्याची पायरी, असं आपण मानतो. मला वाटतं तिची खरी किंमत वेगळीच आहे. नाटक सोडलं, तर बोलली जाणारी भाषा छापून समोर ठेवणारा असा दुसरा प्रकार नाही. कादंबरीत वर्णन असतं, निवेदन असतं, लेखकाची भाषा असते. कॉमिक्समध्ये लेखकाची भाषा जवळजवळ नसतेच. असतात ते संवादाचे फुगे, आणि फुग्यात माणसं बोलतात.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला हे फार जवळचं आहे. त्याची मराठी कानाची मराठी असते. 'जेवायला चल', 'किती वेळा सांगायचं', 'आजीशी बोल जरा' हे त्याला नीट कळतं. पण छापील मराठीत 'त्यानंतर', 'तथापि', 'अत्यंत' असे शब्द भेटले की तो अडतो, कारण घरात तसं कोणी बोलत नाही. कानाची मराठी डोळ्यांपर्यंत न्यायची असेल तर फुगा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

इथल्या जर्मनांनी तो रस्ता कसा बांधला, ते आधी पाहू. मी राहतो ते गेर्लिंगेन म्हणजे श्टुटगार्टच्या पश्चिमेला लागून असलेलं छोटं शहर. भारतीयांना ते माहीत असतं बॉशच्या मुख्यालयामुळे. हे मुख्यालय ज्या उंचवट्यावर आहे त्याचं नाव शिलरह्योहे, म्हणजे शिलरची टेकडी. जर्मन कवी-नाटककार फ्रीडरिश शिलर याचे वडील जवळच्या सॉलिट्यूड राजवाड्याच्या बागा सांभाळत. ते १७९६ मध्ये वारले आणि त्यांना गेर्लिंगेनमध्येच पुरलं.

शिलरचा कॉमिक्सशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. १९५१ मध्ये एहापा नावाच्या प्रकाशनसंस्थेने श्टुटगार्टमधून जर्मन 'मिकी माउस' मासिक सुरू केलं. किंमत ७५ फेनिग. पुढे ही संस्था बरीच वर्षं शेजारच्या लाइनफेल्डेन-एश्टरडिंगेनमध्ये होती आणि नंतर बर्लिनला गेली. गेर्लिंगेनहून सुटणारी यू-६ ट्राम विमानतळ आणि प्रदर्शन-मैदानापाशी संपते. ते प्रदर्शन-मैदान याच लाइनफेल्डेन-एश्टरडिंगेनच्या हद्दीत येतं. म्हणजे जर्मन मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना हसवणारी बदकं आमच्या ट्रामच्या दुसऱ्या टोकाला तयार होत होती.

या मासिकाच्या पहिल्या मुख्य संपादक होत्या डॉ. एरिका फुक्स. १९०६ चा जन्म, कलेतिहासात डॉक्टरेट, आणि १९५१ पासून १९८८ पर्यंत हेच काम. बदकांच्या गोष्टींचा जर्मन अनुवाद त्यांनी केला, पण त्याला अनुवाद म्हणणं कमीपणाचं आहे. अमेरिकन मुळात सगळी पात्रं साधारण एकाच तऱ्हेने बोलत. फुक्सबाईंनी प्रत्येकाला वेगळी बोली दिली. भाचे शाळेच्या मैदानावरची भाषा बोलतात. श्रीमंत मामा जुन्या वळणाचं, व्याकरणशुद्ध जर्मन बोलतो. डोनाल्ड मध्येच नाटकी होतो. आणि तिन्ही भाचे एकजुटीची शपथ घेतात ती शिलरच्या 'विल्हेल्म टेल' नाटकातल्या शपथेच्या धर्तीवर! ज्या मुलाने अजून शिलर उघडलाही नाही, त्याच्या कानात शिलरची लय बदकांनी घातली.

फुक्सबाईंची दुसरी करामत आवाजांची. इंग्रजी कॉमिक्समध्ये 'बँग', 'क्रॅश' असतं. त्यांनी जर्मन क्रियापदाचं शेपूट कापून नुसतं मूळ तेवढं ठेवलं. 'त्सिटर्न' म्हणजे थरथरणं, त्याचं झालं 'त्सिटर'. हा प्रयोग इतका रुळला की भाषातज्ज्ञ गमतीने त्याला फुक्सबाईंच्या नावावरून 'एरिकाटिव्ह' म्हणतात, आणि आज जर्मन तरुण मोबाइलवर भावना कळवताना तेच रूप वापरतात. २०१५ मध्ये श्वार्त्सेनबाख या त्यांच्या गावी त्यांच्या नावाचं कॉमिक्स आणि भाषाकलेचं संग्रहालय उघडलं. एका अनुवादिकेच्या नावाचं संग्रहालय! आपल्याकडे अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आलं तरी आपण त्याला मोठेपणा समजतो.

इथे जरा थांबून मराठीकडे बघा. फुक्सबाईंना जे कापून-छाटून घडवावं लागलं, ते आपल्याकडे जन्मजात आहे. थरथर, चुळबूळ, कुजबुज, खळखळ. धाडकन, टचकन, पटकन, खाडदिशी. पाणी 'टचकन' येतं ते डोळ्यांत, नळाला नाही. 'धपकन' पडणारा माणूस आणि 'दाणकन' आपटणारा माणूस वेगळे, हे मराठी मुलाला न शिकवता कळतं. कॉमिक्ससाठी याहून तयार भाषा मला तरी माहीत नाही.

जर्मनीत सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. पन्नाशीच्या दशकात इथे कॉमिक्सवर मोठं काहूर उठलं होतं. 'घाण आणि कचरा' अशा शब्दांत त्यांची संभावना व्हायची. १९५३ मध्ये तरुणांना धोकादायक साहित्याविरुद्ध कायदा झाला, १९५४ मध्ये तपासणीसाठी केंद्रीय कार्यालय आलं. मुलांनी आपली कॉमिक्स आणून द्यावीत आणि बदल्यात 'चांगलं' पुस्तक घ्यावं, अशा मोहिमा निघाल्या. त्याच १९५४ मध्ये अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅम यांचं कॉमिक्स मुलांना बिघडवतात असं सांगणारं पुस्तक गाजलं. हे वर्थॅम जन्माने जर्मनच. विशेष म्हणजे चित्रांच्या या खेळाची एक मोठी मुळी जर्मनीतच होती. विल्हेल्म बुशची 'माक्स उंड मोरित्स' ही दोन वात्रट पोरांची चित्रकथा १८६५ ची. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन जर्मनीत जन्मलेल्या रुडॉल्फ डर्क्सने १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात 'कॅट्झनजॅमर किड्स' सुरू केलं. जी वस्तू जर्मन माणसांनी अमेरिकेत नेली, तीच परत आल्यावर परकी आणि हानिकारक ठरली!

हा विरोध कशाने वितळला? माझ्या मते दोन गोष्टींनी. एक, फुक्सबाईंसारख्या शिकलेल्या माणसांनी कॉमिक्सच्या भाषेवर तेवढीच मेहनत घेतली जेवढी कोणी कादंबरीच्या अनुवादावर घेईल. दोन, ती कॉमिक्स वाचलेली मुलं मोठी झाली आणि त्यांनी लाज बाळगली नाही. १९८४ पासून एर्लांगेन शहरात दर दोन वर्षांनी कॉमिक्सचा मोठा मेळावा भरतो आणि तिथल्या पुरस्काराचं नाव आहे 'माक्स उंड मोरित्स'.

अ‍ॅस्टरिक्सची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. साठीच्या दशकाच्या मध्यात रोल्फ काउका या जर्मन प्रकाशकाने अ‍ॅस्टरिक्सचा 'सिग्गी' केला, गॉल लोकांचे जर्मन केले आणि फाळणी झालेल्या जर्मनीचं स्वतःचं राजकारण त्यात कोंबलं. लेखक गोसिनी आणि चित्रकार उडर्झो यांनी हक्क काढून घेतले. १९६८ पासून एहापाने नीट अनुवाद आणले, गुडरून पेनडॉर्फ यांच्या हातचे, आणि अ‍ॅस्टरिक्स घराघरांत गेला. पुढे १९९५ मध्ये बोलीभाषांमधल्या अ‍ॅस्टरिक्सची मालिका सुरू झाली. तिचा पहिला अंक निघाला श्वेबिश बोलीत, म्हणजे गेर्लिंगेनच्या बेकरीत ऐकू येते त्या बोलीत. श्वेबिश माणूस घरी एक भाषा बोलतो आणि कागदावर दुसरी वाचतो. त्या अंकाने त्याची घरची भाषा कागदावर आणली. तुमच्या ओळखीचं काही वाटतंय का यात? मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्या कुणालाही वाटेल. आणि घरात मराठी, बाहेर जर्मन असं जगणाऱ्या आपल्या मुलांनाही.

आता आपला इतिहास. चित्रांची ओळ लावून गोष्ट सांगणं आपल्याला परदेशातून शिकावं लागलं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातल्या एकेका कथेची चित्रांची पोथी असते. कलावंत एकामागून एक चित्र पुढे धरतो आणि वाद्यांच्या साथीने गात, बोलत गोष्ट पुढे नेतो. फुगा कागदावर नसतो, तो त्याच्या तोंडात असतो एवढाच फरक. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

छापील जगात १९५२ मध्ये मराठी 'चांदोबा' आला आणि विक्रम-वेताळ घरोघरी पोचले. पण 'चांदोबा' सचित्र होता, कॉमिक्स नव्हे. कॉमिक्स आणलं टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने, १९६४ मध्ये. ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' झाला. या एका शब्दाचं मोल बघा. इंग्रजी 'फँटम' म्हणजे नुसता भास. आपला वेताळ म्हणजे कोकण-गोव्यातल्या गावांचा राखणदार, रात्री फेरी मारणारा देव. अनुवादकाने एका शब्दात त्या बुरखेधाऱ्याला गावाच्या वेशीवर आणून उभं केलं. मूळ कथेतला बंगालची आठवण करून देणारा प्रदेश बदलून 'डेंकाली' केला, म्हणजे वाचकाला तो आपल्या नकाशात शोधावा लागू नये. फुक्सबाई श्टुटगार्टच्या मासिकासाठी जे करत होत्या, तेच काम मुंबईत चालू होतं. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला, गोविंद ब्राह्मणिया यांच्या चित्रांसह. कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूंशी लढणारा देशी नायक. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं.

इंद्रजालमध्ये काम केलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली. शिवाजी, तानाजी, तुकाराम, आंबेडकर यांच्यावरची पुस्तकं आपल्यापैकी कित्येकांनी वाचली आहेत, आणि परदेशात मुलांना भेट म्हणून आजही तीच दिली जातात. इथे मी थोडा नाराज आहे. चित्रं देखणी, राम वाईरकरांसारखे कलावंत, पण भाषा पाठ्यपुस्तकी. तिथे मावळा, मोगल सरदार आणि संत एकाच तऱ्हेने बोलतात. काळ्या रंगाचा खलनायक आणि उजळ नायक ही तक्रार अभ्यासकांनी केलीच आहे. माझी तक्रार फुग्यांबद्दल आहे. त्या फुग्यांतून माहिती मिळते, माणसाचा आवाज ऐकू येत नाही.

आवाज ऐकू आला तो १९९१ मध्ये, 'सकाळ'मध्ये. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू'. तीन-चार चौकटी, आई, पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशी काकू. कोणी पराक्रम करत नाही. अभ्यास टाळणं, क्रिकेटचा चेंडू शेजारी जाणं, आईने कामाला धाडणं. आणि सगळे अगदी आपल्या घरातल्यासारखे बोलतात. जर्मनीत वाढणाऱ्या मुलाला पहिलं मराठी पुस्तक कोणतं द्यावं असं मला कोणी विचारलं, तर मी डोळे मिटून 'चिंटू'चा संग्रह सुचवतो. पौराणिक कथा नंतरही देता येतील.

'पण ग्राफिक कादंबरी म्हणजे गंभीर प्रकार, कॉमिक्स म्हणजे पोरखेळ,' असं काही जण म्हणतात. हा भेद मला फारसा पटत नाही. विल आयस्नरच्या १९७८ च्या पुस्तकानंतर 'ग्राफिक नॉव्हेल' हे नाव रूढ झालं, आणि दुकानदारांना ते सोयीचं पडलं. पण त्या नावाखाली जे उत्तम आलं, ते पुन्हा फुग्याच्या ताकदीवरच उभं आहे. आर्ट स्पीगलमनचं 'माउस' घ्या. नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची कहाणी त्याने त्यांच्याच तोंडून टेपवर घेतली. वडील पोलंडहून अमेरिकेत आलेले, त्यांचं इंग्रजी मोडकं. स्पीगलमनने ते दुरुस्त केलं नाही. त्या वाकड्या वाक्यरचनेतच तो माणूस जिवंत राहिला. १९९२ मध्ये या पुस्तकाला विशेष पुलित्झर मिळालं. आपल्याकडच्या स्थलांतरित घरांनी हे नीट लक्षात घ्यावं. तुमची आजी ज्या मराठीत बोलते ती तिच्याबरोबर जाणार आहे.

२०११ मध्ये नवयान प्रकाशनाने दोन पुस्तकं आणली. 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी डॉ. आंबेडकरांचं आयुष्य रेखाटलं. त्यात चौकटी नाहीत, आणि फुगेही आगळे. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. दुसरं पुस्तक जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वर आधारलेलं. दोन्ही सुंदर, दोन्ही प्रत्येकाने वाचावीत अशी. पण दोन्ही लिहिली गेली इंग्रजीत. लहानगा भीम वडिलांना भेटायला निघाला आणि साताऱ्याकडच्या मसूर स्टेशनवर अडकला, तेव्हा स्टेशनमास्तर त्याच्याशी इंग्रजीत थोडाच बोलला असेल? तो अपमान मराठीत झाला होता. नांगीवाल्या फुग्यात ते मराठी शब्द वाचताना जी कळ उठली असती, ती इंग्रजी वाचताना उठत नाही. आपली सर्वांत मोठी माणसं चित्रकथेत आली तीही दुसऱ्या भाषेच्या दारातून, आणि याचं कारण मला तरी एकच दिसतं. मराठीत लांब चित्रकथा मोठ्यांसाठी असू शकते, यावर आपल्या प्रौढ वाचकांचा विश्वास बसलेला नाही. विकत घेणारे आपणच ना?

दोन आक्षेप नेहमी येतात. चित्रं असली की कल्पनाशक्ती मरते, हा पहिला. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं हे वाचकालाच भरायचं असतं. एका चौकटीत बॅट उगारलेली, पुढच्यात जोशी काकू खिडकीत. मधला चेंडू तुम्ही पाहिला तो कशाने? दुसरा आक्षेप असा, की मूल कॉमिक्सवरच अडकतं. माझा अनुभव विचाराल तर न वाचणारं मूल अडकलेलं असतं, वाचणारं कुठे ना कुठे सरकत राहतं.

मग करायचं काय? भारतातून येताना एक दिवाळी अंक कमी आणा आणि 'चिंटू' आणा. वाचताना पात्रं वाटून घ्या, मुलाला चिंटू होऊ द्या, तुम्ही जोशी काकू व्हा. तुमच्याकडे रविवारची मराठी शाळा असेल तर तिथे शब्दाविना चित्रकथा न्या. जर्मनीत एरिश ओझर यांनी 'ए. ओ. प्लाउएन' या नावाने १९३४ ते १९३७ दरम्यान 'बाप आणि मुलगा' ही जवळजवळ निःशब्द मालिका काढली. राजकीय व्यंगचित्रांमुळे नाझींनी त्यांच्यावर बंदी घातली होती, म्हणून ते टोपणनाव. पुढे १९४४ मध्ये अटकेत असतानाच त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांच्या त्या टकल्या, मिशाळ बापाला आणि खोडकर पोराला भाषेची गरज लागत नाही. आपल्याकडे शि. द. फडणीसांची शब्दविरहित हास्यचित्रं आहेतच. अशी चित्रं मुलांपुढे ठेवा आणि फुगे त्यांना भरू द्या. एक मूल लिहील 'पप्पा, थांब ना!', दुसरं लिहील 'बाबा, अहो थांबा की!' दोघांच्या घरातली मराठी तुम्हाला तिथल्या तिथे ऐकू येईल. शुद्धलेखन नंतर बघता येईल.

आणि आजी-आजोबा पुढच्या वेळी तीन महिन्यांसाठी आले, की फोनवर त्यांचं बोलणं टिपून ठेवा. एखादा प्रसंग, दोनच पानांचा, त्यांच्याच शब्दांत. चित्रं मुलं काढतील, कशीही काढोत. त्यातला एकही शब्द सुधारू नका.